हात तुमचा, तोंड माझं

वैशाख लागला की मी लग्नांना जाते ती जेवायला नाही, बाळं तपासायला. उघडच सांगून टाकते. मांडवाच्या कोपऱ्यात एखादी लेकुरवाळी दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. "अगं बाई, किती गोड!" म्हणत मी बाळाचं टोपडं मागं सारते आणि मधल्या बोटानं हळूच टाळू चाचपते. टाळू सपाट असली, बोटाखाली मऊ उडत असली, की सुटले. मग मी निवांत जिलबीकडे वळते. माझी सून दबक्या आवाजात म्हणते, "आई, लोक बघतात." बघोत. लोकांना वाटतं, वय होत आलेल्या बाईला लेकरांचा लळा. लळा कसला! भीती आहे ती. एका उन्हाळ्यानं माझ्या बोटात भरून ठेवलेली.

त्या भीतीला वासही आहे. कडुलिंबाच्या मोहोराचा. आता आम्ही नगरला राहतो, आणि घरामागं एक मोठा लिंब आहे. तो फुलला की शेजारपाजारचे लोक खोल श्वास घेतात, "काय सुरेख वास सुटलाय" म्हणतात. मी मात्र उठते आणि स्वयंपाकघरातल्या माठावरचं झाकण काढून आत बघते. माठ भरलेला असतो. नळाला पाणी येऊन गेलेलं असतं. तरी बघते. मग हसू येतं, आणि हसताना पुन्हा एकदा बघून घेते.

तो उन्हाळा मोठ्या दुष्काळातला. मिरजगाव मागं टाकून डांबरी रस्ता सोडला की बैलगाडीची वाट लागायची, आणि ती वाट कंटाळून जिथं थांबायची तिथं आमचं गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची. त्या साली ज्वारी पेरलीच गेली नाही. सीनेच्या पात्रात वाळू उरली, वाळूत खणलेले झिरे उरले, आणि झिऱ्याच्या तळाशी वाटीनं भरून घ्यायचं गढूळ पाणी. गावच्या विहिरीत टँकर रिता व्हायचा, तो आला तर. टँकरचा आवाज कानावर पडला की साऱ्या आळीतल्या बाया घागरी घेऊन अशा धावायच्या की वरातीतल्या घोड्यानं बाजूला व्हावं. मी तरणी होते, माझं कोपर टोकदार होतं. पहिल्या ओळीत असायची. ती विद्या मला अजून रेशनच्या दुकानात उपयोगी पडते.

पुरुषमाणसं बैल घेऊन राहुरीकडं गेली होती. मुळेच्या पाण्यावर तिकडं चारा आहे, गुरांची छावणी आहे, असं कळलं होतं. आमचे हेही गेले. घरात राहिलो आम्ही तिघी: माझ्या सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणायची, मी, आणि माझी पहिली लेक छबू. छबूला दात यायचे होते. आत्याबाईंना सगळे मुलगेच झालेले, त्यामुळं मुलीच्या जातीचं लेकरू त्यांनी हौसेनं कधी मांडीवर घेतलंच नव्हतं. छबू जन्मली तेव्हा गावात लोकांनी "असू दे, पुढच्या खेपेला" असं समजावायला तोंड उघडलं, आणि आत्याबाईंनी अशी नजर टाकली की ते तोंड तसंच उघडं राहिलं.

मी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. माझ्या माहेरी कळलं असतं तर आईनं डोळ्याला पदर लावला असता, पण तिकडंही सगळ्या खडीच फोडत होत्या. त्या उन्हाळ्यानं एक गंमत केली होती. ज्यांनी एकमेकींच्या उंबऱ्याला कधी पाय लावला नव्हता अशा साऱ्या जातींच्या बाया एकाच ढिगाच्या भोवती, एकाच उन्हात, सारख्याच हातोड्या घेऊन बसल्या होत्या. दगडाची भुकटी सगळ्यांच्या पापण्यांवर सारखीच पांढरी. फक्त पाण्याची मडकी वेगळी. ती वेगवेगळ्या बाभळींखाली.

बाभळींना झोळ्या बांधलेल्या असत. इतक्या हातोड्यांच्या ठणठणाटातून प्रत्येकीला आपल्या लेकराचं रडणं बरोबर ऐकू यायचं. रडण्याचं भय नव्हतं. रडतंय म्हणजे आहे. भय होतं गप्प बसण्याचं. एखादी झोळी बराच वेळ गप्प राहिली की तिच्या आईची हातोडी अर्ध्यावर थांबायची, आणि मग शेजारणीची, आणि मग त्या शेजारणीची. सगळं माळरान कान देऊन बसायचं. मग झोळीतून बारीक किरकिर आली की एकदम सगळ्या हातोड्या सुरू. त्या महिन्यांत दोनदा असं झालं की किरकिर आलीच नाही. हगवण लागली होती पोरांना. झिऱ्याचं पाणी, ऊन, माश्या. कारण तेव्हा कोणाला ठाऊक होतं! "दात येत्यात, ढाळ लागनारच," म्हणायचे लोक.

आणि अशात एका सकाळी गजराबाई पायात चपला घालून आमच्या आळीत शिरली.

चपलांचं एवढं काय, असं आज कोणी विचारील. गजराबाई बौद्ध वस्तीतली. त्या वस्तीनं धर्म बदलला होता, पण आमच्या आळीनं काहीच बदललं नव्हतं. तिथून येणारी बाई चपला हातात घेऊन आळी ओलांडायची, अशी जुनी खोड. गजराबाईनं चपला नुसत्या घातल्या नव्हत्या, ती त्या फटाफटा वाजवत आली. उंच, हाडापेरानं भक्कम, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि खांद्याला तलाठ्यासारखी अडकवलेली पिशवी. पिशवीत थोड्या गोळ्या, कात्री, पट्ट्या, साबणाची वडी. एका हातात झाकणाची पितळी चरवी.

तालुक्याच्या बाजूला एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गावोगावच्या एकेका बाईला बोलावून थोडंफार शिकवायचं ठरवलं होतं: लेकरं, बाळंतपणं, जखमा. आमच्या गावातून कोण जाणार यावर मारुतीच्या पारावर बैठक भरली. आठवून अजून हसू येतं. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या सुनेचं नाव सुचवलं. घरोघर हिंडायचं, परक्याच्या पोरांचं शी-शू बघायचं, म्हणजे काय घरंदाज काम आहे! शेवटी मागून आवाज आला, "मी जाते. माजी सून न्हाई, माजी मीच हाय." ती गजराबाई. सगळ्यांचा प्रश्न सुटला, म्हणून सगळे खूश झाले. ती घरोघर जाऊन शिवणार काय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या डोक्यातच आला नाही.

तिच्या डोक्यात आला होता. पहिल्याच दिवशी ती आमच्या दाराशी थांबली, उंबऱ्याच्या बाहेर ऐसपैस बसली आणि आत ओरडली, "मामी, मी काय आत येत न्हाई. तुमाला आंगूळ नको आन मला तुमचं बोलनं नको. हात तुमचा, तोंड माजं. मी सांगते, तुमी करा."

"तोंड तर लई मोठं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"मोठं हाय म्हनून तर दवाखान्यानं घेतलं. हितनं पार तुमच्या चुलीपत्तूर जातंय."

अशी तिची रीत होती. जखम आम्हीच धुवायची, ती बाहेरून सांगायची, "अजून चोळ, अजून. साबन काय लोन्याचा हाय, सरंल म्हनून भितीस?" बाळाचं नाळ कापलेलं बेंबट आम्हीच पुसायचं. तिच्या पिशवीतली कात्री आमच्या घरात यायची ती उकळत्या पाण्यात पडून, मग शुद्ध. आत्याबाईंना वाटायचं, उकळलं म्हणून विटाळ गेला. गजराबाईला माहीत होतं, उकळलं म्हणून रोग गेला. दोघी आपापल्या जागी समाधानी. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, तिनं आमच्या अंगाला हात लावला असता तर सगळं तीच करून गेली असती, आणि आम्ही बघत बसलो असतो. तिला हात लावता येईना म्हणून आळीतल्या प्रत्येक बाईचा हात शिकला. पण हे मोठं शहाणपण आज सुचतंय. तेव्हा मला एवढंच दिसायचं की ती उन्हात बसलीय आणि तहान लागली की स्वतःच्या चरवीतलं पाणी पितेय. आमच्या आळीत तिला पाणी वरून ओतून ओंजळीत मिळालं असतं. ती म्हणायची, "माजी चरवी बरी. मान वर करून पेता येतं."

खडीच्या कामावर तिनं एकदा नाटक केलं. बुडाला भोक पाडलेलं मडकं आणलं आणि उभी राहिली आमच्यामध्ये. "हे लेकरू. खालून वाहतंय. तुमी काय करता? वरनं पानी तोडता. मग काय व्हईल?" आणि दाखवण्यासाठी तिनं त्यात चरवीतलं पाणी ओतायला घेतलं. काय गलका झाला! "अगं ए बया, पानी सांडतीस! डोकं फिरलं का?" दोघीतिघी तर खाली ओंजळ धरून धावल्या. नाटक तिथंच बंद पडलं. गजराबाई खाली वाकली, खडीची भुकटी मुठीत घेतली आणि मडक्यात ओतली. खालून ती पांढरी धार वाहत गेली, वरून ती ओतत राहिली, मडकं रितं होईना. "आता थांबते बगा," म्हणाली आणि हात आखडला. धार बारीक झाली. तुटली. मडकं रितं. कुठूनशी एक झोळी किरकिरली तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला.

पटलं असेल का आम्हाला? मला पटलं. पण पटलेलं डोक्यात राहतं आणि घरात सासू राहते.

छबूला हगवण लागली ती अशा दिवशी, की वाऱ्याला धूळ उचलायचाही कंटाळा आला होता. आधी हिरवट, मग नुसतं पाणी. आत्याबाईंनी एरंडाचं पान तेलात बुडवून तिच्या टाळूवर ठेवलं. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा ठसका लागला नाही, तेव्हा म्हणाल्या, "बगितलंस? लई वाईट नजर." मग पाणी तोडलं. मग माझं दूधही. "तू उन्हात दगडं फोडतीस. दूध तापलंय तुजं." उन्हातून आल्यावर पहिल्या धारा भिंतीवर पिळून टाकायच्या हे मी नेहमीच करायची, आता सगळंच भिंतीवर जाऊ लागलं. भिंतीवरचा तो ओला डाग बघता बघता सुकायचा. छबू माझ्या अंगाच्या वासानं तोंड फिरवायची, चोखायची हालचाल करायची, आणि मी तिला उलटीकडं वळवायची. छातीला गाठी आल्या होत्या. त्या दुखण्यावर मी लक्ष ठेवून होते, कारण ते लेकराच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा सोपं होतं.

दुसऱ्या सकाळी तिचे डोळे आत गेले, टाळूला खळगा पडला. ती रडली, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. कोरडं रडणं ऐकलंय कधी? वाळलेल्या शेंगा पायाखाली याव्यात तसा आवाज असतो.

मी कामावर गेले नाही. चपलांचा फटाफट आवाज आला तेव्हा मी स्वतः दाराशी धावले.

गजराबाईनं उंबऱ्याबाहेरूनच छबूकडं बघितलं. "वैनी, पोटाची कातडी चिमटीत धर. सोड." मी धरली, सोडली. चिमटीची घडी तशीच उभी राहिली, हळूहळू खाली गेली. गजराबाईच्या तोंडाची बडबड थांबली. तेव्हा मला खरी धास्ती पडली. तिचं तोंड बंद पडलेलं मी कधी बघितलंच नव्हतं.

"मामी," ती म्हणाली, "गूळ-पानी करा. तांब्याभर उकळलेलं पानी, गुळाचा खडा, तीन बोटांची चिमूट मीठ. आन वैनीला पाजू द्या."

"गूळ? या उन्हात? गूळ उष्ण असतो."

"पाव्हना उन्हातनं आला तर काय देता?"

"गूळ-पानी."

"मग ही पाव्हनीच समजा. ऱ्हायची का जायची ते अजून ठरलं न्हाई तिचं."

आत्याबाई चरकल्या. असलं अभद्र बोलली म्हणून शिव्या देतील असं मला वाटलं. पण त्या मुकाट्यानं उठल्या. रांजणाच्या तळातलं पाणी खरवडून तांब्याभर झालं, ते चुलीवर चढलं. टँकर आला नव्हता. गजराबाई म्हणाली, "चाखून बगा हं. मगच पाजा. मी सुंदरेकडं जाऊन येते." सुंदरा आमच्या शेजारची, तिच्या पोरालाही तेच झालं होतं.

गूळ-पाणी निवलं. आत्याबाईंनी बोट बुडवून चाखलं, म्हणाल्या, "अळनी लागतंय," आणि मीठ घातलं. पुन्हा चाखलं. "अजून अळनीच." पुन्हा घातलं. मी चमच्यानं पाजायला बसले. मी काही चाखलं नाही. छबूच्या वाट्यातला थेंब माझ्या जिभेला लावायला माझं मन होईना. पहिले चमचे तिनं अधाशासारखे घेतले. मग तोंड वाकडं करू लागली. मग नुसतीच तडफड, अंग गरम, ओठ जास्तच कोरडे. मला वाटलं, औषध आहे, कडूच असणार. मी तिचे गाल दाबून पाजत राहिले.

बाहेर ऊन चढत गेलं. सुंदरेच्या घराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. नंतर कळलं, तिच्या सासऱ्यानं गजराबाईला दारातूनच परत लावलं होतं. "पानी तोडायच्या वक्ताला पानी पाज म्हनती!" असं तो साऱ्या आळीला ऐकवत होता.

गजराबाई आमच्या दाराशी परत आली, तिनं छबूकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे काय? जास्त कसं झालं?"

"तूच सांगितलंस तसं केलं," आत्याबाई कडाडल्या. बोलताना त्यांनी तर्जनी रोखली. ती तर्जनी काळी होती. दात काळे, हिरड्या काळ्या. आत्याबाई सकाळी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत मिश्री लावायच्या. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड त्यांच्या कमरेच्या डबीत असायचीच. आमच्याकडच्या निम्म्या बाया तशाच. त्या मिश्रीनं जीभ अशी बधिर होते की तिला लोणचंही अळणी लागावं.

गजराबाई त्या बोटाकडं बघत राहिली. "मामी, चाखलं कुनी?"

"मी."

आणि गजराबाई उंबरा ओलांडून आत आली.

सरळ आली, चपलांसकट. तांब्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थू करून थुंकली. "हे पानी हाय का कैरी मुरवायला ठिवलीया!" आणि तो तांब्या तिनं अंगणात उपडा केला. आमच्या घरातलं शेवटचं पाणी. जमिनीनं ते आवाजही न करता पिऊन टाकलं.

आत्याबाई उभ्याच्या उभ्या राहिल्या. घर विटाळलं, पाणी सांडलं, वर नातीची ही गत. कशासाठी आधी ओरडावं ते त्यांना कळेना. तिनं तिची चरवी आणली आणि मध्ये ठेवली. "हे माज्या घरचं पानी हाय. आमच्या आडाचं. उकळलेलं हाय. दुसरं आता न्हाई."

आत्याबाई चरवीपासून दोन पावलं मागं सरल्या.

"वैनी, खरं सांगते," ती माझ्याकडं बघून बोलली, पण ऐकवत होती आत्याबाईंना. "मला भ्या वाटतंय. बाईंनी शिकवलं तसं मी सांगते, पन असं मिठानं बिगडलेलं पोर मी कदी बगितलं न्हाई. वाचंल का न्हाई ते मला ठावं न्हाई. गेली तर गाव म्हनंल, गजरीनं आपलं पानी पाजलं आन पोर गेलं. मग या गावात एक आई माजं ऐकायची न्हाई. मी आत्ता निगून गेले तर माजं काय बिगडत न्हाई."

"मग जा की," आत्याबाई म्हणाल्या.

"जाते," गजराबाई म्हणाली, आणि हलली नाही.

मी छबूला छातीशी धरलं होतं. माझ्या तोंडी नुसता "आत्याबाई, आत्याबाई" एवढाच जप. शेवटी आत्याबाई त्या चरवीकडं बघत म्हणाल्या, "चव कशी पायजे?"

"डोळ्यांतल्या पान्याइतकी. त्याच्या वर खारट नको." गजराबाईनं आत्याबाईंकडं मान वळवली. "डोळ्यांतलं पानी चाखलंय का कदी, मामी?"

"लई," आत्याबाई म्हणाल्या.

मी इतकी वर्षं गोष्टी सांगत आलेय. हातवारे करते, आवाज काढते, लोक पोट धरून हसतात. पण तो "लई" मला अजून कोणापुढं म्हणून दाखवता आलेला नाही. त्या म्हाताऱ्या बाईनं तो असा सांगितला, जसं कोणी विचारावं, कोथिंबीर आहे का घरात?

गजराबाईनं गूळ मागितला, मीठ मागितलं, आपल्या हातानं तीन बोटांची चिमूट टाकली, ढवळलं. मग म्हणाली, "तुमीच चाखा. पन आदी चूळ भरा. जीभ जागी करा." आणि तिच्या चरवीतलं थोडं पाणी भांड्यात ओतून पुढं धरलं.

आत्याबाईंनी चूळ भरली. गाल फुगवून खळखळवलं, पुन्हा खळखळवलं. थुंकायला म्हणून दाराकडं वळल्या. दाराबाहेर ती तडकलेली जमीन, रिता रांजण, आणि थोड्याच वेळापूर्वी सांडलेल्या पाण्याचा कोरडा होत आलेला डाग. आत्याबाई थांबल्या. त्या साली कोणी पाणी थुंकत नव्हतं. त्यांनी घशाची एक मोठी हालचाल केली आणि मिश्रीसकट ती सगळी चूळ गिळून टाकली.

गजराबाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. मीही. विटाळाचं एवढं जुनं पुराण, आणि दुष्काळानं ते एका घोटात पोटात घातलं! मग आत्याबाईंनी बोट पुसलं, बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. बराच वेळ मिटून ठेवले.

"हां," म्हणाल्या. "हेच."

पुढची दुपार माझ्या आठवणीत एका चमच्याएवढी आहे. चमचा ओठाशी, थांबायचं, गिळली का बघायचं. ओकली की थांबायचं, पुन्हा धरायचं. "घाई न्हाई, वैनी. कबुतर दाना टिपतं तसं." मध्येच गजराबाई म्हणाली, "आता छातीला लाव." आत्याबाईंनी तोंड उघडलं, मिटलं. छबू छातीशी लागली तेव्हा मला झालेली वेदना इतकी होती की मी किंचाळले, आणि त्या किंचाळीनं आळीतल्या बाया दाराशी गोळा झाल्या. सगळ्यांना वाटलं, संपलं.

"संपलं न्हाई," गजराबाईनं त्यांना सांगितलं. "आता मुतली की जगली. मुतूपत्तूर मी हितनं हलत न्हाई."

तुम्ही हसाल, हसा. वर्षभर सारं गाव आभाळाकडं माना वर करून बघत होतं, एखादा काळा ढग दिसतो का म्हणून. त्या दुपारी आमच्या आळीतल्या बायांनी माना खाली घातल्या आणि एका एवढ्याशा लंगोटाकडं टक लावली. "झालं का?" "न्हाई अजून." "हात लावून बग." "कोरडं हाय." सावली भिंतीवरून सरकत होती. लिंबाची वाळकी फुलं वाऱ्यानं उंबऱ्यात येऊन पडत होती. मी मनातल्या मनात देवांना नवस बोलत होते, आणि नवसात काय मागावं हे बोलताना मला लाज वाटत होती. नारळ फोडीन, खणानं ओटी भरीन, पण तिला मुतू दे.

आजकाल औषधाच्या दुकानात असल्या मीठ-गोड पाण्याची तयार पुडी मिळते. शेजारच्या नातवाला जुलाब झाले की त्याची आई पुडी फाडते, बाटलीत टाकते, हलवते, झालं. मी तिथं उभी राहून उगाच विचारते, "चाखलंस का गं?" ती म्हणते, "मावशी, त्यात सगळं मोजून घातलेलं असतं." असेल. मी तरी बोट बुडवून घेते. ती पोरगी मला चोरटी म्हातारी समजते.

आणि आत्याबाई त्या दिवसापासून बदलल्या, असं कोणी समजू नये. मी गोष्ट सांगतेय, पुराण नाही. गजराबाईला पुढं आमच्याकडं चहा मिळू लागला, पण तिची कपबशी बरेच दिवस वळचणीला वेगळीच राहिली. माणसं एका घोटात बदलत नाहीत. फक्त तो घोट घेतलेला असतो, एवढंच.

ऊन कलतं झालं तेव्हा छबू आत्याबाईंच्या मांडीवर होती. मी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. आत्याबाई एकदम म्हणाल्या, "थांबा." आत्याबाई इतक्या स्थिर बसल्या होत्या की त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. मग त्यांच्या लुगड्यावर एक गडद डाग दिसला, तो वाटीएवढा झाला, पसरला, मांडीवरून खाली ओघळ आला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर टिपटिपला.

कोणीतरी रडायला लागलं. मला वाटतं, गजराबाई. मोठ्यानं, नाक ओढत, तिच्या त्या मोठ्या तोंडानं. बाया हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. मी छबूचं डोकं चाचपत होते. आत्याबाई मात्र उठेनात. ओल्या लुगड्यानिशी तशाच बसून राहिल्या, जणू हललं तर ओल जाईल.

त्या हसण्यातून बाजूच्या भिंतीपलीकडून एक आवाज आला. सुंदरेच्या पोराचा. तो शेंगा मोडल्यासारखा, कोरडा.

हसू विरलं. गजराबाईनं डोळे पुसले, चरवी हलवून बघितली. तळाशी थोडं उरलं होतं. ती उठली, मघाशी काढून ठेवलेल्या चपला घातल्या, आणि दाराशी जाऊन थांबली. सुंदरेच्या दाराला कडी लावलेली होती हे तिलाही ठाऊक, आम्हालाही.

आत्याबाईंनी छबूला माझ्या ओटीत टाकलं. लुगडं बदललं नाही. गुळाचा खडा पदराच्या गाठीत बांधला, मिठाची वाटी उचलली आणि गजराबाईच्या पुढं होऊन निघाल्या. मी छबूला घेऊन दारात आले. दोघी सुंदरेच्या बंद दारासमोर उन्हात उभ्या होत्या. आत्याबाईंच्या मांडीवरचा ओला डाग साऱ्या आळीला दिसत होता. त्यांनी कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून सासऱ्याचा आवाज.

आत्याबाईंनी गजराबाईकडं एकदा बघितलं.

"आमी दोगी हाय," म्हणाल्या. "दार उगड."